सेकंडहँड वाफेचं इंजिन: खोलण्यापासून रुळावर परत ठेवेपर्यंत

मॉडेल रेल्वेचं जुनं इंजिन घरी आलं की पहिल्या दहा मिनिटांत ते रुळावर ठेवून नॉब फिरवायचा मोह होतो. तेवढं करू नका. मी केलं होतं. पार्सल नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून आलं होतं, हलवलं की आत काहीतरी खुळखुळत होतं, आणि तरीही मी बारा व्होल्ट दिले. इंजिन जागचं हललं नाही. रुळांना वीज देणारा पॉवर पॅक मात्र तापून बंद पडला. मोटर जळाली असं धरून मी पुढचे तीन महिने नवी मोटर शोधत फिरलो. मोटर ठणठणीत होती. गेलेली वस्तू गव्हाच्या दाण्याएवढीसुद्धा नव्हती, ती कोणती ते मोटरच्या भागात सांगतो.

हा लेख त्याच चुकीतून आला आहे. रंग, पॉलिश, हरवलेले बफर (इंजिनाच्या टोकाचे धक्के झेलणारे गोल दट्टे) हे सगळं शेवटी. आधी निदान, मग सफाई, मग दुरुस्ती आणि अगदीच गरज पडली तर नवा सुटा भाग. बंद पडलेली बहुतेक जुनी इंजिनं मेलेली नसतात. घट्ट झालेलं तेल, कार्बनची भुकटी आणि गालिच्याचे धागे यांनी त्यांचा श्वास कोंडलेला असतो.

हातात काय आलंय ते ओळखा

इथे बोलतोय ते इंजिन दिसायला वाफेचं आणि चालायला विजेचं. ब्रिटिश बनावटीची जुनी इंजिनं बहुधा ओओ मापाची असतात: प्रमाण १:७६.२, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एचओ माप १:८७, पण रूळ तेच १६.५ मिमी. म्हणजे ओओमध्ये गाडी मोठी आणि रूळ तिच्या मानाने अरुंद. चार फूट साडेआठ इंचांच्या खऱ्या रुळाला १:७६.२ मध्ये १८.८३ मिमी लागले असते. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर कोल्हापूर–मिरज मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला तो मीटरगेज, आणि ब्रॉडगेज झाला १९७१ मध्ये. आजोबांच्या वेळचं मिरजेला जाणारं इंजिन या प्रमाणात करायचं म्हटलं तर रूळ जेमतेम १३ मिमीचा होईल. त्यामुळे विकणाऱ्याने 'हे आपल्या जुन्या गाडीचं मॉडेल आहे' असं सांगितलं तर आधी पट्टी लावून बघा.

वीज दोन्ही रुळांतून येते, डीसी, जास्तीत जास्त १२ व्होल्ट. मार्कलिन या जर्मन कंपनीची जुनी इंजिनं एसीवर चालतात, त्यांची गोष्ट वेगळी. आणि इंजिनात खरोखर पाणी भरायची टाकी, स्पिरिटचा दिवा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असेल तर हा लेख इथेच बंद करा. ते खऱ्या बॉयलरचं इंजिन आहे. दाबाची चाचणी झाल्याशिवाय त्याला काडी लावायची नाही, आणि ती चाचणी जाणकारानेच करायची.

शिकायला सगळ्यात चांगलं इंजिन म्हणजे ट्राय-अँग, नंतरचं हॉर्नबी, या ब्रिटिश कंपनीचं छोटं 'जिंटी'. सहा चाकं, सगळी एकमेकांना दांड्यांनी जोडलेली, वेगळा टेंडर (कोळसा-पाण्याचा मागचा डबा) नाही. खरी जिंटी इंजिनं इंग्लंडमध्ये १९२४ ते १९३१ दरम्यान ४२२ बांधली गेली. मॉडेलंही भरपूर निघाली, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि हातून एखादं बिघडलं तरी फार हळहळ वाटत नाही. पुढची उदाहरणं त्याचीच आहेत.

घेण्याआधी किंवा खोलण्याआधी: चेसी बघा

इंजिन उलटं करून उजेडात धरा. खालचा धातूचा सांगाडा, म्हणजे चेसी, बहुधा मॅझॅकची असते. मॅझॅक म्हणजे जस्तात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं मिसळून केलेला ओतीव धातू. ओतताना त्यात शिशाचा अंश गेला असेल तर कित्येक वर्षांनी धातू आतून फुगतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखा तुकडा हातात येतो. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, ओतकाम करणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. 'माल स्वच्छ नव्हता,' एवढंच म्हणतात.

हा रोग बरा होत नाही. ॲराल्डाइट भरून काही दिवस रेटता येतं, पण भेग पुढे सरकत राहते. चेसी केळ्यासारखी वाकलेली दिसली, एखादा तुकडा आपोआप गळालेला असला, धातूवर भेगांचं जाळं दिसलं तर पैसे परत मागा, नाहीतर इंजिन केवळ चाकं, मोटर आणि बॉडी यांच्यासाठी ठेवा.

बाकी दोष घाबरण्यासारखे नसतात. वाकलेली दांडी, तुटलेली पायरी, गेलेला बफर, सुटलेली वायर, गंज चढलेला स्क्रू हे सगळं घरी होतं.

हत्यारं

घड्याळजी वापरतात तसे बारीक स्क्रू ड्रायव्हर, टोकदार चिमटा, साधा मल्टिमीटर, जुना टूथब्रश, कानाच्या कापसाच्या काड्या, टूथपिक, आयसोप्रोपिल अल्कोहोल, शिवणयंत्राचं तेल आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. व्हर्नियर असेल तर उत्तम. बारीक कानशी गुजरीच्या, म्हणजे इथल्या सराफ बाजाराच्या, आसपास सोनारकामाची हत्यारं मिळतात तिथे बघा. हार्डवेअरच्या दुकानातली कानस या कामाला म्हणजे सुईच्या जागी पहार.

थिनर, ॲसिटोन आणि नेलपॉलिश रिमूव्हर टेबलावर आणूच नका. बॉडीचं प्लास्टिक त्यात विरघळतं. फेविक्विकही जपून. त्याच्या वाफेने खिडकीच्या काचा आणि काळा रंग पांढुरके पडतात.

काम काठाच्या थाळीत करायचं, खाली पांढरं फडकं घालून. एक तरी स्प्रिंग उडणारच. पांढऱ्या फडक्यावर ती सापडते, शहाबादी फरशीवर सापडत नाही.

बॉडी काढणं

स्क्रू बहुधा खालून असतो, कधी दोन असतात, कधी एक स्क्रू आणि दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची खाच. जोर लावायचा नाही. हलत नसेल तर कुठेतरी अजून अडकलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. स्क्रूची खाच झिजली असेल तर त्यावर तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा आणि बरोबर बसेल त्याच रुंदीचा ड्रायव्हर वापरा.

प्रत्येक टप्प्यावर मोबाईलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. 'लक्षात राहील' असं वाटतं, राहत नाही. दांड्यांच्या स्क्रूखालचा वॉशर आत होता की बाहेर, हे मला दोनदा अंदाजाने ठरवावं लागलंय आणि दोन्हीदा अंदाज चुकलाय.

चाकं आणि दांड्या: मोटर बाजूला ठेवून

नवशिके थेट मोटरकडे वळतात. चाकंच अडत असतील तर मोटर बिचारी काय करणार? म्हणून मोटरचा स्क्रू काढून ती बाजूला ठेवा आणि रिकामी चेसी काचेवर किंवा गुळगुळीत फळीवर ठेवा. फळी एका बाजूने थोडी उचला. चेसी स्वतःच्या वजनाने, न अडखळता घरंगळली पाहिजे. एका फेरीत एकाच जागी अडखळत असेल तर दोष दांडीत किंवा चाकाच्या कोनात आहे. सगळीकडेच जड जात असेल तर धुऱ्यांत वाळलेलं तेल आहे.

वाळलेलं तेल जुन्या डिंकासारखं तपकिरी होतं. कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून धुरा फिरवत फिरवत ते काढा. चाकांभोवती गुंडाळलेले केस आणि गालिच्याचे धागे चिमट्याने ओढून काढा. अर्धी इंजिनं इथेच सुटतात.

अडखळणं गेलं नाही तर दांड्या बघा. वाकलेली दांडी काढून काचेवर सपाट ठेवायची, फट कुठे दिसते ते बघायचं आणि लाकडी ठोकळ्याने हळूहळू दाबत आणायची. हातोडी नको.

त्यानंतर चाकांचा कोन. वाफेच्या इंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूच्या दांड्यांच्या खिळ्या एकमेकींशी ९० अंशांत असतात. घड्याळाच्या भाषेत, एका बाजूची खिळी १२ वर असेल तेव्हा दुसऱ्या बाजूची ३ वर. कारण खऱ्या इंजिनातलं आहे: एका बाजूचा पिस्टन टोकाला जाऊन अडला तरी दुसऱ्या बाजूचा ढकलत असतो. मॉडेलमध्ये पिस्टन ढकलत नाही, पण तिन्ही धुऱ्यांवर हा कोन सारखा नसेल तर दांड्या एकमेकींशी भांडतात. कोन ९० ऐवजी ८८ भरला तर चालतं, पण तिन्ही धुऱ्यांवर ८८ च हवा. इंजिन पडलं असेल तर एखादं चाक धुऱ्यावर किंचित फिरलेलं असतं. ते दोन्ही हातांनी धरून अगदी थोडं थोडं फिरवा, प्रत्येक वेळी घरंगळवून बघा. या कामाला तास गेला तरी वाईट वाटून घेऊ नका.

आता दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर मोजा. ओओच्या नेहमीच्या चाकांना ते साडेचौदा मिमीच्या आसपास लागतं. कमी असेल तर सांध्यांवर गाडी उडते, जास्त असेल तर रुळावर चढते. मी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून १४.५ मिमीचा पितळी ठोकळा करून घेतलाय, धुऱ्यावर बसेल अशा खाचेचा. ठोकळा चाकांमध्ये घालायचा, चाकं त्याला टेकवायची, काम झालं. व्हर्नियरपेक्षा तो बरा, कारण व्हर्नियर तिरका धरला तर आकडा खोटा येतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो.

मोटर

जिंटीसारख्या जुन्या इंजिनांत ट्राय-अँगची एक्स०४ मोटर असते. उघडी, तीन पोलची, दणकट. बारकाईने बघितली तर सगळं डोळ्यांना दिसतं: मागे चुंबक, मध्ये तांब्याच्या तारा गुंडाळलेलं आर्मेचर, टोकाला तीन तुकड्यांचा तांब्याचा कम्युटेटर आणि त्याला दोन्हीकडून टेकलेले दोन छोटे कार्बन ब्रश. दोन्ही ब्रश दाबून धरायला केसाच्या पिनेसारखी एकच स्प्रिंग.

माझे तीन महिने खाल्ले ते या स्प्रिंगने. स्प्रिंग चेसीच्या धातूला लागलेली असते आणि चेसीत एका रुळाची वीज असते. त्यामुळे स्प्रिंगचा एक पाय उघडा ठेवतात, तो एका ब्रशला वीज देतो. दुसऱ्या ब्रशला दुसऱ्या रुळाची वीज वायरीतून येते. म्हणून त्या बाजूच्या पायावर बारीक प्लास्टिकची नळी चढवलेली असते. ती नळी वाळून पडली किंवा कुणी स्प्रिंग उलटी बसवली की दोन्ही रुळांची वीज थेट भिडते. शॉर्ट. माझ्या इंजिनात आत खुळखुळत होता तो सुटलेला स्क्रू होता, नळी तर आधीच गळून गेली होती. एका बारीक वायरचं साल कापून चढवलं आणि इंजिन चाललं. म्हणून नियम: नळी नेहमी पिकअपच्या (चाकावरून वीज घेणाऱ्या पट्टीच्या) वायरच्या बाजूला.

मोटर साफ करायची ती अशी. स्प्रिंग हळूच बाजूला करून दोन्ही ब्रश काढा, कोणता कुठला ते लक्षात ठेवा. ब्रश गुळगुळीत आणि चकचकीत असले तर ठीक. झिजून पातळ झाले असतील तर जोडीने बदला, एकटा नाही. कम्युटेटर अल्कोहोलच्या काडीने फिरवत पुसा. काडी काळी होणं थांबेपर्यंत. तीन तुकड्यांमधल्या फटींत कार्बन साचतो, तो टूथपिकने खरवडून काढा. घासपेपर लावू नका.

ब्रश बाहेर असतानाच मल्टिमीटर ओहमवर लावा आणि कम्युटेटरचे तुकडे दोन-दोन करून मोजा: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर वाइंडिंग चांगलं. एक आकडा फारच वेगळा आला तर कुठेतरी तार तुटली आहे किंवा आतल्या आत भिडली आहे. मग कोणताही तुकडा आणि आर्मेचरचा लोखंडी दांडा यांच्यात मोजा, तिथे काहीच जोड दिसता कामा नये.

वाइंडिंग गेलं असेल तर? मी हौसेने पंपाच्या मोटरी भरणाऱ्याकडे गेलो होतो. त्याने आर्मेचर चिमटीत धरून बघितलं, चहा सांगितला, चहा पाजला आणि परत दिलं. इतक्या बारीक तारेची मोटर भरून मिळणं अवघड आहे. दुसरं आर्मेचर किंवा दुसरी जुनी मोटर मिळवणं सोपं पडतं.

आर्मेचर उगाच बाहेर काढू नका. या जुन्या मोटरींचं चुंबक अल्निकोचं असतं. मधलं लोखंड काढून घेतलं की त्याची ताकद कमी होते. काढायचंच असेल तर चुंबकाच्या दोन्ही टोकांना जोडणारा लोखंडी तुकडा आधी लावून घ्या. चुंबक कमजोर झाल्याची खूण अशी: मोटर फिरते, पण धापा टाकत, लवकर तापते आणि जास्त करंट खाते. अशा वेळी काही जण जुन्या चुंबकाच्या जागी निओडिमियमच्या छोट्या चकत्या बसवतात आणि इंजिनाला नवी तरतरी येते. पण ते पहिल्या इंजिनावर नको.

तेल: आर्मेचरच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना सुईच्या टोकावर मावेल एवढं. धुऱ्यांना तेवढंच. वर्मला, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या गियरला, किंचित ग्रीस. तेल जास्त झालं की ते कम्युटेटरवर उडतं, कार्बनमध्ये मिसळतं आणि काजळासारखा लगदा होतो. 'भरपूर तेल दिलंय' असं विकणाऱ्याने अभिमानाने सांगितलं की मी मनात सफाईचा एक तास वाढवतो.

वीज पोचते का?

मोटर चेसीवर बसवून ९ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी दोन्ही बाजूंच्या चाकांना क्षणभर लावा. फिरली तर वा. नाही फिरली तर त्याच वायरी थेट मोटरला लावा. मोटर फिरते पण चाकांवरून फिरत नाही, म्हणजे दोष पिकअपमध्ये. पिकअप म्हणजे चाकाला टेकणारी धातूची पातळ पट्टी. ती काळी पडलेली असते किंवा वाकून चाकापासून सुटलेली. पुसा, आणि चिमट्याने एवढीच वाकवा की ती टेकेल, ब्रेक लावणार नाही. चाकांच्या कडाही पुसा. त्यावरचा काळा थर म्हणजे वर्षानुवर्षांचा कचरा, तो वीज अडवतो.

वायर सुटली असेल तर सोल्डरचा डाग लावताना सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांच्या वर टेकवू नका. आजूबाजूचं प्लास्टिक तेवढ्यात मऊ होतं.

बॉडी आणि उद्यमनगर

चालतं इंजिन हातात आल्यावरच बॉडीला हात लावायचा. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश. कागदी चिकटपट्टीचे नंबर असतील तर त्यांच्यावर पाणी नको. अगदी सुरुवातीच्या ट्राय-अँग बॉड्या सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या, त्या वर्षांनुवर्षांत पिळवटतात. गरम पाण्यात घालून सरळ करायला जाल तर आणखी वाकड्या होतील. वाकडी राहू दे.

तुटलेली पायरी मॉडेलच्या प्लास्टिकसाठी मिळणाऱ्या पातळ सिमेंटने जोडता येते. ब्रशने फटीत थेंब सोडायचा, तो आपोआप आत शिरतो.

बफर मात्र मी करून घेतले. उद्यमनगरात ट्रॅक्टरपासून पंपापर्यंतचे भाग लेथवर उतरतात. तिथे मी तीन मिमीच्या पितळी रॉडचा तुकडा आणि जुना बफर घेऊन गेलो. मेस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला. "ह्ये काय दातात बसवायचं हाय व्हय?" मी रेल्वेचं इंजिन म्हटलं. "मग इंजान कुठं हाय?" खिशातून काढून दाखवलं. लेथ बंद झाला, शेजारच्या गाळ्यातले दोघे बघायला आले. चार बफर झाले आणि पैशांचं विचारलं तर "चालू झालं की दाखवायला आणा." असलं काम गर्दीच्या वेळी घेऊन जाऊ नका, दुपारी जेवणानंतर जा. आणि मोजमाप कागदावर लिहून न्या. नमुना हातात दिला तरी 'ह्याच्यापेक्षा जरा बारीक' याचा प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो.

रंग पूर्ण काढून नव्याने देण्याची घाई करू नका. जुना मूळ रंग, ओरखड्यांसकट, नव्या जाड रंगापेक्षा चांगला दिसतो. निदान मला दिसतो.

रुळावर

आधी सरळ रूळ, मग गोल. अर्ध्या वेगाने अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, मध्ये थांबून मोटरला बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. या पहिल्या तासात चाकं परत काळी होतात, कारण आतली उरलेली घाण बाहेर येते. पुन्हा पुसा. डबे लगेच जोडू नका.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात इंजिन उघड्या कपाटात ठेवलं तर दोन महिन्यांत धुऱ्यांवर तांबूस ठिपके दिसायला लागतात. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालवणं, एवढं पुरतं. डब्यात एक चिठ्ठीही ठेवा: तेल कधी दिलं, ब्रश कधी बदलले, आणि स्प्रिंगची नळी कोणत्या बाजूला आहे.